मुलीचं हिमोग्लोबिन ८.७ आहे आणि ती कच्चे तांदूळ खाते. आपल्याकडच्या जेवणातून काय भरून निघेल?

आचऱ्याची_सून

नमस्कार. मालवण तालुक्यात, आचऱ्याजवळच्या एका वाडीत राहते. मुलगी दहावीला आहे, पंधरा पूर्ण. गेल्या महिन्यात शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खालीच बसली. बाईंनी पाणी पाजून घरी पाठवलं. मला वाटलं, सकाळी काही न खाता गेली असेल. पण त्याच आठवड्यात माजघरात गेले तर तांदळाच्या डब्याचं झाकण उघडं, ही पाठमोरी उभी आणि गालात मूठभर कच्चे तांदूळ. विचारलं तर म्हणाली, "आई, बरेच दिवस खातेय. खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही." मग दप्तराच्या कप्प्यात, कंपासपेटीत, उशीखाली, सगळीकडे तांदूळ सापडले. मी फार घाबरले.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.७ आलं. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सोबत चॉकलेटच्या वासाच्या पावडरीचा डबा, ७८० रुपयांचा. डबा पंधरा दिवसांत संपला. गोळ्या मात्र तिने चारच दिवस घेतल्या. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, त्याला भिऊन बंद केल्या. मीही जोर केला नाही.

सासूबाई म्हणतात बीट आणि खजूर दे. शेजारीण म्हणते गूळ-शेंगदाणे. मोबाईलवर बघावं तर ब्रोकोली आणि ॲव्होकॅडो. ते इथे कुठून आणू?

तिचं रोजचं खाणं सांगते. सकाळी चहा आणि खारी. दुपारी डब्यात भात-भाजी. घरी आल्यावर चहा. रात्री भात, कुळथाची पिठी नाहीतर आमटी. आणि जेवल्यावर घोटभर चहा, आमच्याकडे सगळ्यांनाच सवय आहे. जून-जुलैत होड्या बंद होत्या, आता श्रावण लागला, म्हणजे गणपती होईपर्यंत घरात मासळी नाही. सोमवारी तिचा उपास असतो, साबुदाण्याची खिचडी खाते.

कशात कुठलं जीवनसत्त्व, कशात लोह, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या वस्तूंत ते किती, हे कुणी नीट समजावून सांगाल का?

कणकवलीचो_बाबू

बीटाचा रस द्या ताई, रोज एक ग्लास. माझ्या बहिणीला दिला होता. सोबत काळे खजूर. महिन्याभरात रक्त वाढतं.

उपकेंद्रातली_मावशी

ताई, सगळ्यात आधी, मुलीला ओरडू नका आणि तांदळाच्या डब्याला कुलूप लावू नका. कच्चे तांदूळ, खडू, भिंतीची माती, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटणं ही लोह कमी झाल्याची खूण असते. डॉक्टर याला पायका म्हणतात. मी राजापूर तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून ३१ वर्षं काढली. खालची पापणी ओढून बघायचे, आतला भाग पांढुरका दिसला की दुसरा प्रश्न ठरलेला, "माती खातेस का गं?" मुली मान खाली घालायच्या. आपण विचारल्याशिवाय त्या कधीच सांगत नाहीत, लाज वाटते. तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलं, हे फार चांगलं झालं. लोह पोटात जायला लागलं की ही ओढ आपोआप सुटते, पुष्कळदा हिमोग्लोबिनचा आकडा वर यायच्याही आधी.

आता आकड्याचं. या वयाच्या मुलीला १२ हवं. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, ८ च्या खाली गेला तर तीव्र. तुमची मुलगी मध्यम गटात आहे, पण खालच्या टोकाला. एवढी तूट नुसत्या जेवणाने भरत नाही. गोळी घ्यावीच लागेल, आणि ती बंद केली हेच तुमच्या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. शौचाला काळं होणं हे त्या गोळीने होतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रिकाम्या पोटी न देता रात्री जेवल्यावर तासाभराने द्या. तरीही नाही जमलं तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, पण सोडू नका. दूध, चहा किंवा कॅल्शियमची गोळी यांच्या जोडीने कधीच देऊ नका. लिंबूपाण्याबरोबर द्या. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते. शाळेत आठवड्याला निळी गोळी देत असतील, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पण ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला रोजची गोळी लागते. किती, ते डॉक्टर ठरवतील.

पावडरीच्या डब्यावरचं लेबल एकदा वाचा. आधी साखर किती ते बघा, मग लोह किती ते. ७८० रुपयांत किती अंडी आणि किती किलो कुळीथ येतील, त्याचाही हिशोब करा.

बाबू, राग मानू नकोस, पण बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, बाईला २९ आणि या वयाच्या मुलीला ३०. बापापेक्षा लेकीला जास्त लागतं, आणि ताटात वाढताना आपण नेमकं उलटं करतो. खजूर, गूळ-शेंगदाणे द्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

तुमच्या यादीतली कुळथाची पिठी फार चांगली आहे, तिच्यात लोह आहे. पण लगेच वर चहा पडतो ना, त्यातला तुरटपणा ते लोह पोटातच धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. डाळी-भाज्यांतलं लोह तसंही शरीर थोडंच घेतं, आणि जेवणाबरोबरच्या चहाने त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं. म्हणून पहिलं काम हे करा. जेवणाआधी तासभर आणि जेवल्यावर तासभर घरात कुणालाच चहा नाही. एकट्या मुलीचा बंद केलात तर ती ऐकणार नाही, सासूबाईंपासून सुरुवात करा.

दुसरं काम म्हणजे पिठीवर लिंबू पिळणं. क जीवनसत्त्व जोडीला असलं की तेच लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. मात्र लिंबू ताटात पिळायचं, उकळत्या पिठीत नाही, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने मरतं. इथे पुष्कळांना वाटतं की सोलकढी प्यायली म्हणजे झालं. सोलं आंबट असतात, पचनाला बरी, पण ती उन्हात वाळवलेली असतात, क जीवनसत्त्वासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. आता पेरू मिळेल, थंडीत आवळा येईल. आणि चैत्रात काजूचे बोंडू! बिया काढून घेतो आणि बोंडवांचा खच झाडाखाली सडत ठेवतो आपण. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं त्यात. घशाला खवखवतात म्हणून फोडी करून मीठ लावून ठेवा, मग खाता येतात.

तिसरं, घावण्यांचा बिडाचा तवा माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. आंबट आमटी लोखंडी कढईत दहा मिनिटं उकळली तरी थोडं लोह तिच्यात उतरतं. झाल्यावर लगेच दुसऱ्या टोपात काढा, नाहीतर काळी पडते आणि कडवट लागते.

मासळीचं तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. मासळीतलं लोह शरीराला सोपं जातं, चहा-बिहा त्याला फारसा आडवा येत नाही. आणि आपल्याकडे होड्या बंद, मग श्रावण, मग गणपती, असे तीन महिने ते ताटातून जातं, नेमके त्याच दिवसांत लावणीचं काम अंगावर असतं. पूर्वी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकट, जवळा, सुके बांगडे भरून ठेवायचे ते याचसाठी. श्रावण पाळा, मी मोडायला सांगत नाही, मीही पाळते. पण त्या दिवसांत कडधान्य दुप्पट हवं. काळे वाटाणे, चवळी, मूग मोड आणून. मोड आले की लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं. उपासाला साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय काही नाही, त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा.

अजून दोन प्रश्न. पाळी किती दिवस जाते, किती जाते? आणि लावणीला पोर अनवाणी चिखलात उतरते का? आकडीकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. जंताची गोळी कधी घेतली होती?

गुहागरकर_शाकाहारी

मावशी, छान लिहिलंत. आमच्या घरी मासे-अंडी काहीच चालत नाही. माझ्या दोन मुलींसाठी वर सांगितलेलं पुरेल का?

उपकेंद्रातली_मावशी

लोहासाठी पुरेल, चहाचं पथ्य मात्र तुम्हाला अधिक काटेकोर पाळावं लागेल. कॅल्शियमला नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात सव्वाशेच्या आत-बाहेर. आंबील करा, भाकरी करा, मोड आणून सत्त्व काढा. फक्त लोहाच्या गोळीच्या वेळेला नको.

अ जीवनसत्त्वाला शेगूल, म्हणजे शेवग्याचा पाला. परसात झाड असतं आणि आपण शेंगांची वाट बघतो. या दिवसांत टाकळा, भारंगी, कुरडू, सगळं फुकट उगवतं. अंधारात कमी दिसणं, डोळे कोरडे पडणं हे अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं. लाल भोपळा, पपई, पिकलेला हापूस यांतही त्याचा साठा आहे. हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं, म्हणून भाजीला फोडणी आणि वर ओलं खोबरं हवं. आपल्या आज्यांनी ते चवीसाठी घातलं असेल, पण कामाचं तेच आहे.

ब-१२ मात्र झाडपाल्यात नाही. रोज दूध, दही, ताक पोटात गेलंच पाहिजे, आणि वर्षातून एकदा तपासणी.

चाकरमानी_डोंबिवली

ब-१२ चा विषय निघाला म्हणून लिहितो. बाबा ७१ वर्षांचे, गावी असतात. माळ घातल्यापासून मासळी सोडली, त्याला वीस वर्षं झाली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षं चालू. पाय बधिर व्हायला लागले तर सगळे म्हणाले, साखरेमुळे होतंय. गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. संध्याकाळी बाबांबरोबर देवळात निघालो. पायरीशी पोचल्यावर बघतो तर त्यांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी आमच्याच अंगणात गळून पडली होती आणि तेवढी वाट खडीवरून अनवाणी चालूनही त्यांना कळलं नव्हतं. मला रडूच आलं.

मुंबईला आणून तपासलं. ब-१२ होतं ११२, दोनशेच्या वर पाहिजे होतं. डॉक्टरांनी सांगितलं की मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ब-१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि शाकाहारी माणसाकडे मुळात साठा कमी. इंजेक्शनं सुरू केली. हाताच्या मुंग्या गेल्या, तोल सुधारला. तळपायाचा बधिरपणा थोडा राहिलाच, मज्जातंतूला उशीर झाला होता. आधी वर्षभर गावात कुणीतरी त्यांना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने रक्ताचा रिपोर्ट बरा दिसायला लागतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस मेटफॉर्मिनवर आहे, त्यांनी कृपा करून ही एक तपासणी करून घ्या.

पेजेची_वाटी

मावशीनू, पेजेक इसरलास. आमी न्हान असताना सकाळी चाय नाय होती. उकड्या तांदळाची पेज, वांगडा सुको बांगडो चुलीत भाजलेलो, नायतर खोबऱ्याची कातळी. आता माझ्या नातवांका पेज म्हटली की तोंडा वाकडी. त्यांका काय सांगू? उकड्या तांदळात असा काय असता?

रत्नांग्रीची_पोर

आजोबा, मी आहारशास्त्र शिकतेय, हे मला सांगू द्या.

तांदळाच्या दाण्याला वरून जो कोंड्याचा पातळ थर असतो त्यात ब-१ असतं. गिरणीत पांढरा स्वच्छ तांदूळ करताना तो थर निघून जातो. उकड्या तांदळात भात सालासकट भिजवून उकडतात, तेव्हा ते ब-१ पाण्याबरोबर आत दाण्यात मुरतं, मग वरचा थर काढला तरी बरंचसं आत राहतं. शिवाय पेजेत पाणी ओतून देत नाही, सगळं पितो.

हे जगाला कसं कळलं, तेही नातवांना सांगा. जावा बेटावर १८९० च्या दशकात आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा अभ्यास करत होते, ज्यात पायातली शक्ती जाते. त्यांच्या कोंबड्या कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंडा असलेल्या तांदळावर उभ्या राहिल्या. १९२९ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. व्हिटामिन हा शब्दसुद्धा त्या कोंबड्यांच्या अभ्यासानंतरचा, १९१२ साली फुंक यांनी दिलेला. आपली पेज त्याच्या कितीतरी आधीची.

आचऱ्याची_सून

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बापापेक्षा लेकीला जास्त लागतं, हे ऐकून त्या गप्प झाल्या.

पाळी सात-आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस फार. आणि हो, लावणीला दरवर्षी आमच्याबरोबर कुणग्यात उतरते, अनवाणीच. जंताची गोळी शेवटची कधी घेतली ते आठवत नाही. उद्या ग्रामीण रुग्णालयात नेते. एक राहिलं. सासूबाई शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ वापरतात, समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन असतं म्हणतात. खरं का?

उपकेंद्रातली_मावशी

पाळीचं डॉक्टरांना आठवणीने सांगा, सात-आठ दिवस हे जास्त आहे. तिथलं गळणं थांबलं नाही तर वरून कितीही भरा.

मिठाचं खरं नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण मीठ वाळेपर्यंत त्यात नावापुरतंच उरतं. समुद्राच्या मासळीत मात्र असतं. माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला त्याहून पुष्कळ जास्त. ते नाही मिळालं तर गलगंड होतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. जाडं मीठ लोणच्याला आणि मासे खारवायला ठेवा, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ, तेही झाकणाच्या बरणीत आणि शेवटी घालायचं. सासूबाईंना सांगा, शिरोड्याच्या मिठाचा मान १९३० च्या सत्याग्रहापासून आहेच, तो कमी होत नाही.

आचऱ्याची_सून

गणपती झाले, आज लिहायला बसले. साडेपाच आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, १०.३ आलं. रुग्णालयात जंताची गोळी दिली आणि लोहाची गोळी बदलून दिली, ती रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते. मळमळ पहिले आठ दिवस होती, मग गेली. पाळीसाठीही औषध दिलंय. डॉक्टर म्हणाले, आकडा १२ झाला तरी गोळ्या पुढे दोन-तीन महिने घ्यायच्या, शरीरातला साठा भरेपर्यंत.

तांदूळ खाणं तिसऱ्या आठवड्यातच सुटलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच कंपासपेटी उघडून दाखवली.

गोकुळाष्टमीला आंबोळ्या, शेगलाची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार होतंच, या वेळी भाजी तिला दोनदा वाढली. जेवणानंतरचा चहा आता घरात कुणीच घेत नाही, सासूबाई चार वाजता घेतात. पहिले पाच दिवस त्यांचं डोकं दुखलं, पण नातीसाठी सोसलं.

परवा खाडीवरून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, आणल्या. मावशी, त्यात लोह आणि ब-१२ दोन्ही भरपूर असतं, असं रुग्णालयातल्या बाईंनीही सांगितलं. ती विळीपाशी माझ्याबरोबर बसून शिंपल्या उघडत होती, मध्येच म्हणाली, "आई, जिना चढताना आता थांबावं लागत नाही." पुढची तपासणी दिवाळीआधी आहे. आकडा आला की इथेच टाकते.